दोन्ही बाकांची मॅनेजर

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या विद्यालता महिला महाविद्यालयात एक जुनी रीत आहे. स्टाफ मीटिंगला जो हजर नसतो, त्याच्या गळ्यात समिती पडते. जुलैच्या मीटिंगला कॉमर्सच्या योगिनी मॅडम नव्हत्या, कारण त्या दिवशी त्यांच्या नऊ महिन्यांच्या गौरीला लस टोचायची होती. दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात आल्या त्या क्रीडा समितीच्या सदस्य म्हणून, आणि पाठोपाठ कळलं की हॉकी संघाच्या मॅनेजरही त्याच.

"पण मला हॉकीतलं काही कळत नाही," योगिनीने प्रिन्सिपॉल पद्मावती मॅडमना सांगून पाहिलं.

"कळायला विक्रम सर आहेत ना. तू फक्त बाई म्हणून जायचंस," मॅडम म्हणाल्या.

यात अपमान नव्हता, नियम होता. दक्षिण विभागाच्या स्पर्धेचं बावीस पानी नियमपत्रक होतं आणि त्यातला नववा नियम म्हणत होता की महिलांच्या संघाबरोबर महिला मॅनेजर असलीच पाहिजे. ती हजर नसेल तर संघाला मैदानात उतरता येणार नाही. विक्रम सर कॉलेजचे पी.डी., म्हणजे फिजिकल डायरेक्टर. वीस वर्षं ते मुलींना हॉकी शिकवत होते. पण त्यांना काही केल्या महिला होता येत नव्हतं.

योगिनीने ती बावीस पानं घरी नेऊन दोनदा वाचली. तिचा स्वभावच तसा. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, आणि मग त्यातलं आपल्याला काय काय होऊ शकतं याचा विचार करत बसायची. पुण्याहून लग्न करून काचीगुड्याला आली त्याला सहा वर्षं झाली, तरी अजून घरातून निघताना गॅसचा खटका बघायला ती दोनदा परत फिरायची. गौरी झाल्यापासून तीनदा.

नियमपत्रकाच्या अकराव्या पानावर ती थबकली. विभागातले पहिले चार संघ जानेवारीत ग्वाल्हेरला राष्ट्रीय स्पर्धेसाठी जाणार होते. जायचा-यायचा प्रवास धरून दहा दिवस. कॉलेजच्या मुली सेमीफायनलला पोचल्या की चारांत आल्या, आणि चारांत आल्या की त्यांच्याबरोबर मॅनेजर ग्वाल्हेरला. गौरी तेव्हा पंधरा महिन्यांची असेल. अजून अंगावर पिणारी, बाटली दिसली की तोंड फिरवणारी, आईला स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायचीसुद्धा परवानगी न देणारी.

"अगं, एवढा घोर कसला लावून घेतेस?" सासूबाई, सावित्रीबाई, शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमचं कॉलेज पहिल्याच मॅचला घरी आलं होतं ना?"

"सात गोलांनी हरून," योगिनी म्हणाली. तिच्या आवाजात जरा जास्तच समाधान होतं, आणि ते तिचं तिलाही ऐकू आलं.

तेव्हा ठरलं. मुली खेळतील, नेहमीप्रमाणे हरतील, आपण टाळ्या वाजवू आणि संध्याकाळपर्यंत घरी येऊ. स्पर्धा यंदा हैदराबादलाच होती, गच्चीबावलीच्या टर्फवर. योगिनीला फक्त फॉर्म भरायचे होते.

इथेच ती फसली. तिला काम वाईट करता येत नव्हतं.

अठरा मुलींचे अठरा फॉर्म. प्रत्येकीची दहावीची मेमो, म्हणजे इथल्या भाषेत गुणपत्रिका, मूळ आणि झेरॉक्स. बोनाफाईड. फोटो डिंकाने चिकटवलेला, त्यावर प्रिन्सिपॉलची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर, शिक्का स्वच्छ. प्रत्येक फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वर अनुक्रमणिका. रक्तगट कोणी मागितला नव्हता, तोही तिने लिहिला. लावण्या नावाच्या फॉरवर्डला शेंगदाण्याची अॅलर्जी होती, ती लाल शाईने.

स्पर्धेचे सचिव रहमतसाहेब साठी उलटलेले गृहस्थ. त्यांनी ती फाईल उघडली आणि चष्मा पुसला.

"मॅडम, आप फॉर्म नै भरे, शादी का कार्ड छपाए," ते म्हणाले, आणि ती फाईल टेबलावर नमुना म्हणून मांडून ठेवली. दिवसभर जो संघ यायचा त्याला ते दाखवायचे, "हौ, ऐसा भरके लाओ. नै तो नक्को."

सोडतीत विद्यालताला पहिल्या फेरीत बाय मिळाला, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. विक्रम सरांनी हात जोडून आकाशाकडे बघितलं. योगिनीने मनात म्हटलं, असू दे, दुसरी फेरी आहेच.

दुसऱ्या फेरीला समोर आलेल्या संघाने मेमोंच्या नुसत्या झेरॉक्स आणल्या होत्या, मूळ प्रती घरी. दोन-तीन फोटोंवर सहीच नव्हती. त्यांचे कोच हात हलवत म्हणाले की दर वर्षी असंच चालतं. एरवी ते चाललंही असतं. पण रहमतसाहेबांच्या टेबलावर यंदा योगिनीची फाईल होती आणि तिच्या शेजारी ठेवल्यावर कोणाचाही कागद गुन्हेगारासारखा दिसायचा. दहा मिनिटांत निर्णय झाला. विद्यालता विजयी, न खेळता.

"मॅडम," विक्रम सर गहिवरून म्हणाले, "वीस वर्षं मी स्टिक स्टिक करत बसलो. खरं हॉकी स्टॅम्पमध्ये आहे हो!"

योगिनीने नियमपत्रकाचं अकरावं पान पुन्हा उघडलं. आता फक्त क्वार्टर फायनल. ती जिंकली की ग्वाल्हेर.

बसमध्ये त्रिवेणी तिच्या शेजारी येऊन बसली. त्रिवेणी कॅप्टन आणि गोलकीपर, बिदरकडच्या शेतकरी घरातली, इथे हॉस्टेलवर राहणारी. तिचं मराठी योगिनीला पहिल्यांदा भांडल्यासारखं वाटायचं. मग कळलं की ती प्रेमानेही तसंच बोलते.

"मॅडम, एक सांगू? राग नका करू. दोन राऊंड झाले, एक गोल मारला नाही, एक खाल्ला नाही. पॅड बांधायचे, सोडायचे. बापू फोन करून विचारतात, किती वाचवलीस? काय सांगू? फॉर्म वाचवले म्हणू?"

"पुढची मॅच होईल गं," योगिनी म्हणाली. "बेळगावकडच्या कॉलेजशी आहे. त्यांच्यात कोडगूच्या मुली आहेत म्हणे."

"हौ. हॉकी घेऊनच जन्मतात त्या." त्रिवेणीचे डोळे चमकले. "मारतील आम्हाला. पण मारू तर द्या कुणीतरी!"

योगिनीने तिच्या पाठीवर थोपटलं. कोडगूच्या मुलींबद्दल तिच्या मनात जी माया दाटून आली होती ती काही सांगण्यासारखी नव्हती.

बेळगावकडच्या संघाची मॅनेजर शैला. गणिताची लेक्चरर, योगिनीच्याच वयाची. दोघींची ओळख झाली ती तिसऱ्या दिवशी सराव चालू असताना, टर्फच्या कडेच्या बाकावर. दोघीही एकाच वेळी फोन समोर धरून "बाळाने खाल्लं का" म्हणत होत्या. त्यानंतर ओळख करून घ्यायला काही उरलंच नाही.

"माझा तीन वर्षांचा आहे," शैला म्हणाली. "सकाळपासून ताप आहे. सासूबाई म्हणतात, साधा सर्दीचा आहे."

"किती?"

"एकशे दीड असेल."

इथे कुठल्याही शहाण्या बाईने "उतरेल हो" म्हटलं असतं. योगिनीने ते म्हटलं नाही, कारण तिने या विषयावर बरंच वाचलं होतं. ताप भरभर चढला तर लहान मुलांना झटका येऊ शकतो, त्या वेळी कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेलं तर काय करायचं, सगळं तिने शैलाला सांगितलं. अगदी मनापासून, एका आईने दुसरीला सांगावं तसं. सांगून झाल्यावर तिला बरं वाटलं. शैलाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, मॅचच्या तासभर आधी, बेळगावच्या संघाच्या मुली टर्फच्या कडेला नुसत्या उभ्या होत्या. त्यांचे कोच, विक्रम सर आणि रहमतसाहेब टेबलाभोवती.

"काय झालं?" योगिनीने विचारलं.

"त्यांची मॅनेजर पहाटेच्या बसने गेली," विक्रम सर खालच्या आवाजात म्हणाले. चेहऱ्यावर दुःख आणायचा त्यांचा प्रयत्न साफ फसला होता. "मुलाला ताप आहे म्हणे. कोणीतरी तिला काल काहीतरी भयंकर सांगून घाबरवलं. नियम नऊ, मॅडम! बाई नाही तर संघ नाही. आपण चारांत!"

योगिनी खुर्चीवर बसली.

म्हणजे हे सगळं तिनेच केलं होतं. फॉर्म नीट भरून एक संघ घालवला, आणि ताप नीट समजावून दुसरा. हॉकीची एक गोष्ट माहीत नसताना तिने विद्यालताला ग्वाल्हेरच्या दारात नेऊन उभं केलं होतं. आता फक्त आत ढकलायचं राहिलं होतं. तिला गौरीचा सकाळचा चेहरा आठवला, आणि त्याच्या पाठोपाठ, तिने न बोलावताच, बसच्या खिडकीशी बसलेल्या शैलाचा.

"रहमतसाहेब, दुसरी कोणी बाई नाही चालणार?" बेळगावचे कोच अजिजीने विचारत होते.

"कहाँ से लाऊँ, सर? मेरी बीवी को बुलाऊँ?"

त्रिवेणी पॅड बांधून तयार होती. तिने एकदा टेबलाकडे बघितलं, मग खाली बसली आणि मुकाट्याने पॅडचे पट्टे सोडायला लागली.

ते बघून योगिनीने पर्समधून नियमपत्रक काढलं. नववा नियम तिला पाठ होता, तरी तिने वाचला. पुन्हा वाचला. मग उठली.

"साहेब, यात फक्त एवढंच आहे की संघाबरोबर महिला मॅनेजर हजर असावी. ती त्याच कॉलेजची असावी असं कुठेही लिहिलेलं नाही. एका बाईने एकाच संघाची मॅनेजर असावं असंही नाही."

रहमतसाहेबांनी चष्मा चढवला. "मतलब?"

"मतलब, मी त्यांच्यासाठीही सही करते. त्यांच्या प्रिन्सिपॉलकडून मेल मागवा, मॅच खेळवा."

मग विक्रम सरांनी तिचा हात धरून तिला बाजूला नेलं.

"मॅडम, डोकं ठिकाणावर आहे ना? पिकलेलं फळ हातात आलंय आणि तुम्ही ते झाडाला परत बांधताय! त्या आपल्याला फाडून खातील!"

"खेळात असं चालतंच, सर," योगिनी म्हणाली. फाडून खातील हे शब्द ऐकून तिला किती हायसं वाटलं ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मेल आली. रहमतसाहेबांनी सगळ्यांसमोर भाषण केलं. चाळीस वर्षांत असली खिलाडूवृत्ती आपण पाहिली नाही म्हणाले, आणि डोळे टिपले. बेळगावच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. शैलाचा बसमधून फोन आला. ती रडत होती. "ताप उतरलाय सकाळी. तुम्ही अगदी देवासारख्या धावलात हो." योगिनीने घाईघाईने फोन ठेवला. खोटं बोलून कौतुक मिळवणं तिला जमलं नसतं. पण काहीच न बोलता ते असं ढिगाने मिळेल याची तिला कल्पना नव्हती.

मॅनेजरने आपल्या संघाच्या बाकावर बसावं, असा तेरावा नियम होता. योगिनीने तोही पाळला. पहिला आणि तिसरा क्वार्टर विद्यालताच्या बाकावर, दुसरा आणि चौथा बेळगावच्या.

पहिल्या क्वार्टरमध्ये सगळं तिच्या हिशेबाप्रमाणे चाललं होतं. कोडगूच्या मुली वाऱ्यासारख्या येत होत्या, विद्यालताच्या बचावातून लोण्यातून सुरी जावी तशा जात होत्या आणि गोलवर चेंडू आपटत होत्या. फक्त चेंडू आत जात नव्हता. तिथे त्रिवेणी होती. चार महिने सराव करून, दोन फेऱ्या नुसती बसून राहिलेली त्रिवेणी. पायाने, हाताने, एकदा तर हेल्मेटने तिने चेंडू अडवला. आणि प्रत्येक वेळी ओरडायची, "आव! अजून एक आव!"

योगिनी बेळगावच्या बाकावर गेली तेव्हा तिथल्या मुली सरकून तिला जागा देत म्हणाल्या, "मॅम, तुमची गोलकीपर भयंकर आहे."

"हो ना," योगिनी म्हणाली. "फार हट्टी मुलगी आहे."

बोलताना तिच्या लक्षात आलं की आपण हे अभिमानाने म्हटलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये लावण्याच्या घोट्यावर चेंडू बसला. योगिनी बर्फ घेऊन धावली. चौथ्यात बेळगावच्या एका मुलीच्या गुडघ्याला लागलं. ती बर्फ घेऊन तितक्याच वेगाने धावली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा फलकावर दोन्ही बाजूंना शून्य होतं. आता शूट-आऊट: प्रत्येकी पाच खेळाडू, समोर एकटी गोलकीपर, हातात आठ सेकंद.

शूट-आऊटच्या वेळी मॅनेजरने कुठे बसावं याबद्दल नियमपत्रकात काहीच नव्हतं. योगिनी दोन्ही बाकांच्या मधे उभी राहिली.

ती मनाशी अगदी स्पष्ट होती. बेळगावचा एक गोल जास्त झाला की आपण सुटलो. विद्यालताची पहिली चुकली. योगिनीने सुस्कारा टाकला. विद्यालताची पहिली चुकली. दुसऱ्या सुस्काऱ्याच्या वेळी मात्र तिला कळेना की तो कसला होता. पुढचे दोन त्रिवेणीने अडवले. विद्यालताची दुसरीही चुकली, पण तिसरी लावण्या लंगडत आली आणि तिने मारलेला चेंडू रमतगमत गोलरेषा ओलांडून गेला. एक-एक. चौथी फेरी दोघींकडून वाया गेली. पाचव्यांदा विद्यालताच्या लेफ्ट हाफने डोळे मिटून मारला आणि तो लागला. आता बेळगावची शेवटची.

ती मुलगी धावली. त्रिवेणी पुढे आली. आठ सेकंद हा फार मोठा वेळ असतो हे योगिनीला माहीत होतं. थर्मामीटर वाजेपर्यंतचा वेळ तिने कितीदा मोजला होता.

"त्रिवेणी, डावीकडे!" कोणीतरी किंचाळलं. इतकं कर्कश की रहमतसाहेबांनी कानावर हात ठेवला.

त्रिवेणी डावीकडे आडवी झाली. चेंडू पॅडवर आपटून बाहेर गेला.

विक्रम सर नाचत योगिनीकडे आले. "मॅडम, काय ओरडलात! हॉकीतलं कळत नाही म्हणता?"

तोपर्यंत योगिनीला माहीत नव्हतं की ओरडलेली बाई ती स्वतः होती.

मॅचच्या कागदावर दोन सह्या लागतात: विजयी संघाची मॅनेजर आणि पराभूत संघाची मॅनेजर. तिने दोन्ही केल्या. मग बेळगावच्या मुलींना बसवून, नाक पुसून, केळी वाटून, त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त रडणाऱ्या मुलीला कुशीत घेऊन ती म्हणाली, "पुढच्या वर्षी." पराभूत संघाच्या मॅनेजरचं काम तिने चोख केलं. विजयी संघाच्या मॅनेजरला काय वाटतं आहे ते बघायला तिला वेळच नव्हता.

वेळ मिळाला तो रहमतसाहेबांनी कागद पुढे सरकवल्यावर. ग्वाल्हेरचा फॉर्म. तीन प्रती, आजच पाचपर्यंत भरून द्यायच्या. खेळाडू अठरा, कोच एक, महिला मॅनेजर एक.

तेवढ्यात पद्मावती मॅडमचा फोन आला. "योगिनी, अभिनंदन! रहमतसाहेबांनी सगळं सांगितलं. हे बघ, तुझं बाळ लहान आहे, मला कळतं. ग्वाल्हेरला मी मेधाला पाठवते. बॉटनीच्या मेधाला. ती तयारच आहे. तिचं नाव लिहून टाक, मोकळी हो."

योगिनी पेन हातात घेऊन बसली. जे तिला जुलैपासून हवं होतं ते न मागता समोर आलं होतं, तेही प्रिन्सिपॉलच्या तोंडून. ना कोणाला दुखवायचं, ना कोणाला कारण द्यायचं. फक्त चार अक्षरं लिहायची.

मेधा मॅडम. भली बाई. हसतमुख. फॉर्मवर फोटो स्टेपल करते. मागच्या वर्षी बॉटनीची सहल नेली तेव्हा एक मुलगी वरंगळच्या स्टेशनवर राहिली. झाडांचे नमुने मोजून आणले होते, मुली मोजल्या नव्हत्या. लावण्याच्या फॉर्मवरची लाल शाई ती वाचेल? जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे किती थंडी असते तिला माहीत आहे? त्रिवेणीच्या हेल्मेटची पट्टी आज तुटता तुटता राहिली, हे तिच्या लक्षात तरी आलं असतं का? आणि तिथे नियमपत्रक वेगळं असणार. ते वाचणार कोण? विक्रम सर?

"मॅडम," त्रिवेणी आली. केस घामाने चिकटलेले, हातात फोन. "बापूंशी बोला ना. मी सहा वाचवले म्हणते तर पटतच नाही त्यांना."

योगिनी बापूंशी बोलली. सहा नव्हे, शूट-आऊट धरून अकरा, तिने मोजले होते. बापूंनी तो आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "ताई, तिकडं लांब जायचंय म्हणते. तुम्ही असाल ना बरोबर?"

तिने फोन परत दिला आणि घरचा नंबर लावला.

"आई, आम्ही जिंकलो."

"जिंकलात?" सावित्रीबाईंचा आवाज. मागे गौरी ताटलीवर चमचा बडवत होती. "आता गं?"

"दहा दिवस ग्वाल्हेर. मेधा मॅडम जाऊ शकतात माझ्याऐवजी. प्रिन्सिपॉल तसं म्हणाल्याही. तुमचं काय मत आहे? गौरी राहील? बाटलीला हात लावत नाही, तुम्हाला रात्री उठावं लागेल, तुमचा गुडघा..."

"आज दुपारी वरणभात जेवली. वाटीभर. रडली नाही."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. योगिनीने विचारलं ते भलतंच.

"माझी आठवण नाही काढली?"

"काढली ना. दाराकडं बघितलं दोनदा. मग जेवली. एक सांग. नाव लिहिलंस का तू?"

योगिनीने कागदाकडे पाहिलं. पहिल्या प्रतीवर, महिला मॅनेजरच्या रकान्यात, तिचं पूर्ण नाव होतं. ते कधी लिहिलं, बापूंशी बोलताना की नंतर, तिला सांगता आलं नसतं.

"लिहिलंय."

"मग मला कशाला विचारतेस? ये घरी. ही चमच्याने माझं डोकं उठवतेय."

फोन बंद झाला. रहमतसाहेब घड्याळ दाखवत होते, पावणेपाच झाले होते. योगिनीने दुसरी प्रत ओढून घेतली, पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शाई फुटली असती, म्हणून तिने आधी ओढणीने डोळे पुसले, मग नाव लिहिलं. तिसऱ्या प्रतीवरही लिहिलं.

"मॅडम," रहमतसाहेब हळूच म्हणाले, "तिन्हींवर फोटो लागतो."

"आणलाय," योगिनी म्हणाली, आणि पर्समधून डिंकाची ट्यूब काढली.